खाटेखालच्या विटा

बाळांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी आहे. ती पोटाशी धरा. जड आहे, पण जमतं. आता तीच कळशी दोन्ही हात सरळ लांब करून धरा. कळशी तीच, पाणी तेवढंच. तरी हात थरथरायला लागले की नाही? आणि कमरेत काहीतरी ओढल्यासारखं झालं की नाही? आता तशाच लांब हातांनी कमरेत वाका, आणि ती कळशी खाली न टेकवता बाजूला सरकवा. नाही जमत ना? ठीक आहे. आता कळशीच्या जागी चतुराबाई आहेत असं समजा.

चतुराबाई आमच्याच गावच्या. गावाचं नाव सांगत नाही. नायगाव नाही आणि उमरीही नाही, एवढं समजून चाला. दवाखान्यातले लोक वाचणारे आहेत, आणि मला तिथं अधूनमधून जावं लागतं. तर चतुराबाईंच्या मांडीचं हाड मोडलं आणि त्या बायकांच्या वार्डात दाखल झाल्या. निसर्गानं त्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला नव्हता. उताणा झोपवलेला पेशंट हळूहळू पायथ्याकडं घसरत जातो. त्याला पुन्हा उशीकडं ओढून घ्यावं लागतं. खाट बुटकी, पेशंट जड, मदतीला बोलवावं तर वार्डातले मामा एक्सरेला गेलेले आणि मावशी चहाला. मग सिस्टर एकटीच वाकते, पेशंटच्या काखेत हात घालते आणि ओढते. अशीच एका सकाळी बुशरा सिस्टर वाकली, आणि तिच्या कमरेत कट् झालं.

बुशरा माझी भाडेकरू. समोरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी मुबश्शिरा राहायच्या. मुबश्शिरा चौथीत. तिचे अब्बा सौदीला गाडी चालवतात.

मी लिंबाजी गुरुजी, निवृत्त, विज्ञान शिकवायचो. निवृत्त शिक्षकाची अडचण तुम्हाला अजून कळायची नाही. त्याच्याजवळ सांगायला पुष्कळ उरलेलं असतं आणि ऐकायला कोणी उरलेलं नसतं. माझा मुलगा अश्वजित हैदराबादला असतो. रविवारी फोन करून ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतली का’ हे दोन प्रश्न विचारतो. इतका सोपा पेपर मी पहिलीलासुद्धा काढला नसता. बाकीचे दिवस मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीचे उच्चार सुधारत बसायचो. ती काही सुधारली नाही. मग ही मायलेक राहायला आली, आणि दिवेलागणीला मुबश्शिरा ओट्यावर वही घेऊन बसू लागली. “गुरुजी, चंद्र खाली का पडत न्हाई?” असं तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला तो बंदच राहिला.

म्हणून बुशराच्या कमरेत कट् झालं ते मला माझ्या घराच्या तुळईत ऐकू आलं.

कारण तिचा भाऊ शहेबाज लातूरला होता, आणि त्याचा फोन लगेच आला. फोन स्पीकरवर होता, मी चोरून ऐकलेलं नाही. “बाजी, बस झालं आता. इथं एका दवाखान्यात खिडकीवर बसून केसपेपर काढायचं काम हाय. खुर्चीवरचं काम. पोरीला घेऊन ये.”

बुशरा म्हणाली, “बघते रे. आणखी एकदा कमर धरली तर येतेच.”

आणखी एकदा! म्हणजे सगळं त्या एका कमरेवर येऊन ठेपलं होतं. मी उजळणी घेत होतो, पण त्या संध्याकाळी माझंच तेराच्या पाढ्यात चुकलं. मुबश्शिरानं दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्ले आले. शेजारच्या भामाबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बुशराची खाला, म्हणजे मावशी, रहमतबी गल्लीच्या टोकाला राहायची. ती म्हणाली, फडक्यात गरम वीट बांधून शेक. समोरचा मलप्पा टेलर मूळचा उदगीरकडचा. त्यानं गळ्यातला टेप काढला, डॉक्टर नळी काढतात तसा, आणि म्हणाला, “हे औषधाचं काम नव्हे. पायाळू बघा.”

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले ते माणूस. आमच्याकडं समजूत अशी, की पायाळूनं कमरेवर लाथ मारली की भरलेली उसण पळून जाते. या बाबतीत आमच्या गावात जातधर्म पाळत नाहीत. उसण सगळ्यांना सारखीच भरते.

“बाहेर कशाला हुडकता?” रहमतबी म्हणाली. “ही पोरगीच तर पायाळू हाय. मी होते ना तवा. आधी पाय आले, मग ही बया आली.”

सगळ्यांनी मुबश्शिराच्या पायांकडं पाहिलं. तिनं ते फ्रॉकखाली ओढून घेतले.

“अम्मीला मी लाथ मारणार न्हाई,” ती म्हणाली. विषय तिथं संपायला हवा होता. पण मलप्पाची स्वतःची कंबर शिलाई मशीनवर वाकून वाकून कायमची दुखरी. तो तिथंच माझ्या ओट्यावर पालथा झाला. “मला मार, बेटा. मी काय तुझी अम्मी न्हाई.”

तिनं मारली. मलप्पा उठला, डावीकडं वळला, उजवीकडं वळला. “अय्यय्यो! गेली की!”

पुढं काय झालं ते सांगायला मला अजून जड जातं. संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यापुढं रांग लागली. ज्या ओट्यावर मी गुरुत्वाकर्षण शिकवलं, त्या ओट्यावर गावातली वजनदार माणसं पालथी पडून माझ्या विद्यार्थिनीच्या लाथा खाऊ लागली. आमचे माजी सरपंचही आले. जाताना मला म्हणाले, “गुरुजी, पोरीला चांगलं शिकवलंत हो.”

मी हा ओट्यावरचा दवाखाना बंद केला. मुबश्शिराला समोर बसवलं आणि म्हणालो, “विज्ञान शिकणारी मुलगी असल्या लाथा मारत नाही. पुन्हा कुणाच्या कमरेला पाय लावायचा नाही.”

“मग मलप्पाकाका बरे कसे झाले?”

“आपोआप झाले.”

“माझ्या लाथंच्याच वक्ताला?”

मी तिला योगायोग समजावून सांगितला. तिनं मान डोलावली. मलप्पानं मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. आपण आपोआप बरे झालो हे त्याला फार लागलं.

पण लाथ नको म्हटलं की दुसरं काहीतरी द्यावं लागतं. शिक्षकाला नुसतं ‘चूक’ म्हणून चालत नाही. मी विचार केला, आजार कमरेत नाहीच, आजार खाटेत आहे. खाट बुटकी म्हणून सिस्टर वाकते. खाट तिच्या कमरेइतकी उंच केली तर वाकायचं कारणच संपलं! आणि खाट उंच कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्वारीची पोती नाही तर लग्नातली ट्रंक मावत नसली की आपण खाटेच्या पायांखाली विटा देतो. घरोघरी हेच चालतं. फक्त दवाखान्यात कुणी दिल्या नव्हत्या.

भामाबाईंच्या न्हाणीघराच्या विटा उरल्या होत्या. त्या मागून आणल्या आणि आधी माझ्या लोखंडी खाटेखाली लावल्या. मुबश्शिरा पेशंट झाली आणि कण्हू लागली. तिला ते काम फार आवडलं. बुशरानं ताठ उभं राहून, नुसतं गुडघ्यात किंचित वाकून, तिला अंगाजवळ घेत कुशीवर वळवलं.

“गुरुजी! हे तर लई हलकं झालं!”

या एका वाक्यानं माझा घात केला. शाबासकी देण्यात माझा जन्म गेला. घ्यायची सवय नव्हती.

मी दवाखान्याच्या साहेबांकडं गेलो. साहेब भले माणूस. सगळं ऐकून म्हणाले, “कल्पना उत्तम आहे. पण विटा म्हणजे बांधकाम. बांधकाम खात्याला विचारा.” बांधकाम खात्याच्या साहेबांनी विचारलं, “विटा तात्पुरत्या की कायमच्या?”

“पेशंट तात्पुरते, विटा कायमच्या,” मी म्हणालो.

“मग नकाशा लागेल.”

मी स्टोअरकीपरकडं गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. मी त्याला एकदा बाकावर उभं केलं होतं हे त्याच्या लक्षात असावं, कारण त्यानं मला खुर्ची दिली नाही. म्हणाला, “गुरुजी, खाट माझ्या ताब्यात हाय, वीट न्हाई. खाटेला वीट लावली की ती खाट राहते का इमारत होते, ते मला वरून विचारावं लागंल.”

शेवटी वार्डाच्या इन्चार्ज शिवकन्या सिस्टर मला दारात गाठून हळूच म्हणाल्या, “तुम्ही विचारत बसलात म्हणून सगळे नको म्हणून राहिले. न विचारता लावून टाका. रविवारी साहेब गावाला जातात.”

रविवारी मी रिक्षात विटा घालून निघालो. मुबश्शिरा मांडीवर एक वीट घेऊन बसली होती, पोटाशी धरून, मी शिकवलं होतं तशी. रिक्षावाल्यानं विचारलं, “गुरुजी, दवाखान्यात खोली काढून राहिलात का?” “पुढं बघ,” मी म्हणालो. मोठ्या कामाच्या आधी माणसानं कमी बोलावं.

पेशंट अलगद बाजूला घेऊन, मामा आणि नातेवाइकांच्या मदतीनं आम्ही एकेक खाट वर घेतली. पहिला तासभर फार सुखाचा गेला. सिस्टर ताठ उभ्या राहून सलाईन लावत होत्या. मी भिंतीशी उभा राहून हात मागं बांधले होते.

मग नातेवाइकांचं लक्ष खाटेखाली गेलं. आधी तिथं चपला आणि पाण्याची बाटली मावायची. आता माणूस मावत होता. एका पेशंटचे सासरे आत शिरून आडवेच झाले. एकानं दुरुस्तीला आणलेली विहिरीवरची मोटार चिखलासकट खाली सरकवली. बायकांच्या वार्डात पुरुष नकोत म्हणून शिवकन्या सिस्टर ओरडल्या, तर खाटेखालून आवाज आला, “मी वार्डात न्हाई बाई, खाली हाय.”

हेही चाललं असतं. पण तेवढ्यात चतुराबाई एक्सरे काढून स्ट्रेचरवरून परत आल्या. बाळांनो, माझ्या हिशेबात स्ट्रेचर नव्हतं. स्ट्रेचर खाली राहिलं, आणि खाट वर गेलेली. चतुराबाईंनी मान वळवून वर पाहिलं.

“मला काय माळ्यावर ठेवून राहिलात का? मी काय कांदे हाय?”

पलीकडच्या एक आजी मोरीला जाऊन आल्या आणि खाटेपुढं उभ्या राहून रडायला लागल्या. त्यांना चढता येईना. आता प्रत्येकीला उचलून वर ठेवायची वेळ आली. बुशरा माझ्याकडं पाहून हसली. तिला रागावता येत नसे, हीच तर पंचाईत होती.

“गुरुजी, आधी वाकून ओढावं लागत होतं. आता वाकून उचलावं लागून राहिलं.”

आता शहाणा माणूस इथं थांबला असता. खाट एकाच उंचीची करून भागत नाही. काम करताना वर आणि उतरताना खाली, अशी दोन्ही पाहिजे. एवढं मला त्या क्षणी कळलंसुद्धा. पण भरल्या वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की मास्तर काय करतो? आणखी मोठ्यानं बोलतो. मी म्हणालो, “यात चढायला काय अवघड आहे? मी या वयात चढून दाखवतो.” स्टूल मागवलं, एका रिकाम्या खाटेवर चढलो, बसलो, आणि वार्डाकडं पाहून हात हलवला.

विटा नुसत्या ठेवलेल्या होत्या. सिमेंट लावलं असतं तर ते बांधकाम झालं असतं. पायथ्याची एक वीट सरकली, खाट कलंडली, आणि मी घसरगुंडीवरून यावं तसा निघालो.

बुशरा शेजारच्या खाटेपाशी होती. मधे स्टूल होतं. तिनं तिथूनच वाकून, हात पूर्ण लांब करून माझा दंड पकडला.

कळशी आठवते ना? कळशी मी होतो.

मी ‘सोड, सोड’ ओरडलो. पण पडणाऱ्या माणसाला सोडून देणं सिस्टरच्या हाताला येत नाही. मी फरशीवर बसता बसता तिच्या कमरेतला आवाज मला दुसऱ्यांदा ऐकू आला. या वेळी तुळईत नाही, अगदी कानापाशी.

माझ्या स्वतःच्या कमरेतही काहीतरी निखळल्यासारखं झालं होतं. मामा, मावशी, खाटेखालचे सासरे, सगळे मला उचलायला धावले. “थांबा!” मी गरजलो. “कोणी उचलायचं नाही! माझ्याखाली चादर सरकवा. दोन्ही बाजूंनी माणसं या. चादरीची कड गुंडाळून अंगाजवळ धरा. गुडघे वाकवा, पाठ ताठ! एक जण मोजेल, बाकीचे त्याच्याबरोबर! आधी सिस्टरला बसवा, मग मला!” असा मी फरशीवर उताणा पडून तास घेतला. उभ्या जन्मात इतका शांत वर्ग मला मिळाला नव्हता. मला चादरीसकट स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा कुणाच्याच तोंडातून ‘अगं आई’ निघालं नाही. चतुराबाई म्हणाल्या, “आता मला बी असंच घ्या की.”

साहेब आले आणि विटा निघाल्या. पण ती चादर वार्डात राहिली. शिवकन्या सिस्टरनी ठरवून टाकलं की पेशंट कुणी एकटीनं हलवायचा नाही. आता तिथं जड पेशंट आला की मावशी हाक मारते, “चला, गुरुजी करू या!” मग सगळे जमतात, चादर घालतात, गुडघे वाकवतात. एखाद्याच्या नावाचा रस्ता होतो, एखाद्याची शाळा होते. माझी चादर झाली.

बुशरा मात्र त्या वार्डात परत गेली नाही. डॉक्टरांनी तिला वजन उचलायला मनाई केली, पट्टा दिला. शहेबाज दुसऱ्याच दिवशी आला. मला वाटलं माझ्यावर चिडेल. त्यानं माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाला, “गुरुजी, अल्लाह का शुकर, तुम्हाला जास्त लागलं न्हाई.” चिडला असता तर बरं झालं असतं.

मला खाटेवर पडून राहायला सांगितलं होतं. घरची खाट अजून विटांवरच होती, आणि दुखऱ्या कमरेनं उतरायला तीच उंची बरी पडे. एवढं एक माझं गणित बरोबर आलं. अश्वजितनं फोनवर तिसरा प्रश्न विचारला, “मी येऊ का?” मी नको म्हणालो, आणि तो बरं म्हणाला. भामाबाई भाकरी आणून ठेवायच्या आणि विटा कधी परत देता म्हणून विचारायच्या. मलप्पा समोर मशीन चालवायचा, पण मान वर करायचा नाही. पाणी मी कमी पिऊ लागलो. माठ स्वयंपाकघरात जमिनीवर होता. वाकलं की डोळ्यांपुढं चांदण्या यायच्या. हे मी कुणाला बोललो नव्हतो. ओट्यावरची जागा दिवेलागणीला रिकामी दिसायची, कारण मुबश्शिरा आत सामान बांधून राहिली होती.

मग एका सकाळी टेम्पो आला. खाटेवरून मला नुसता आवाज यायचा. कपाट ओढल्याचा आवाज आला तसा मी आतूनच ओरडलो, “अंगाजवळ धरा! गुडघे!” बाहेरून शहेबाज म्हणाला, “हाव गुरुजी, गुरुजीच करून राहिलो.”

बुशरा पट्टा बांधून दारात उभी राहिली. मी म्हणालो, “माझ्यामुळं झालं, बाई.”

“कमर तर जाणारच होती, गुरुजी. आमच्यात सगळ्यांची जाते,” ती म्हणाली. “धरून ठेवायला कुणी विटा आणल्या का? तुम्ही आणल्या.” ती टेम्पोत पुढं जाऊन बसली.

मुबश्शिरा आली नाही. मी दाराकडं पाहत राहिलो. स्वतःला म्हणालो, लहान मुलांना निरोप घेता येत नाहीत, मोठ्यांना तरी कुठं येतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धप्प असा आवाज आला. मग पुन्हा धप्प. रिक्षातून परत आलेल्या विटा मागच्या दारी पडल्या होत्या. टेम्पोचा हॉर्न वाजला. धप्प.

मी मान उचलून पाहिलं. तिनं माठ रिकामा करून बाजूला ठेवला होता आणि चुलीच्या कट्ट्याशेजारी विटा एकावर एक, आडव्या-उभ्या, सांधे चुकवून रचल्या होत्या. एकही वीट हलत नव्हती. तिनं हलवून पाहिली. मग माझ्या खाटेपाशी येऊन, माझ्या कमरेशी हात धरून उंची मोजली, आणि परत जाऊन आणखी एक थर चढवला. माठ वर ठेवला. नळावरून कळशी आणली. गुडघ्यात वाकून उचललेली, छातीशी घट्ट धरलेली. फ्रॉक सगळा भिजला होता. माठ भरला, वर पेला पालथा घातला.

“आता वाकायचं न्हाई,” ती म्हणाली. “जवढं लागंल तवढं पाणी प्यायचं.”

तिला माठाचं कळलं कसं, हे मी विचारलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

“गुरुजी, एक विचारू? एकच डाव पाय लावू का? मी शाळेत कुणाला न्हाई सांगणार.”

बाळांनो, मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. तरी कण्हत कण्हत भिंतीकडं तोंड करून वळलो.

मुबश्शिरानं उंबऱ्याशी चप्पल काढली. कळशीतल्या उरलेल्या पाण्यानं पाय धुतला, फ्रॉकच्या कोरड्या टोकानं पुसला, स्टूल ओढून त्यावर चढली, आणि तो गार पाय माझ्या कमरेवर हळूच टेकवून उभी राहिली.